वर म्हणजे कुठे

वर कुठली बाजू, असं माणसाला सहसा कुणी विचारत नाही. मला विचारलं. आमच्या राजिवड्याच्या घरात, पडवीत अम्मा तिसऱ्यांचे शिंपले धूत बसलेली असताना, भर दुपारी, आणि मी प्रश्न न वाचताच उत्तर देऊन मोकळी झाले. त्या एका उत्तराबद्दल लिहायचं म्हणून कितीतरी वर्षं मी हे प्रकरण टाळत आले. आता पन्नाशी उलटली, केसांना मेंदी लावल्याशिवाय बाहेर पडवत नाही, तेव्हा अजून टाळून काय करणार! आधीच सांगून ठेवते, यात मी काही शहाणी ठरत नाही.

आमचं घर चिऱ्याचं, खाडीच्या काठाला. घराला लागूनच अब्बांची होड्या बांधायची जागा. माझं सगळं लहानपण लाकडावरच्या तासणीच्या आवाजात गेलं. सकाळची बांग झाली की थोड्या वेळानं ठक ठक सुरू, ती जेवायच्या वेळी थांबायची, आणि थांबली की घरात कसंनुसं व्हायचं. राळ आणि मुशी माशाचं तेल यांचा वास आमच्या कपड्यांना, उशांना, पुस्तकांना. शाळेत पोरी नाक मुरडायच्या. मी म्हणायची, तुम्ही ज्या होडीतले बांगडे खाता ना, ती याच वासावर तरंगते. तोंडाळ होतेच मी पहिल्यापासून. अम्मा म्हणायची, हिचं लग्न झालं तर सासू आठवड्यात हज करायला निघून जाईल.

अब्बांकडे कधी नकाशा नव्हता. कागदावर एक रेघ नाही. पाया घालायच्या आधी लाकडाकडे बघत बसायचे, कधी दोन दिवस, कधी चार, आणि मग उठून कामाला लागायचे. माप म्हणजे बोट, वीत आणि हात. मी एकदा विचारलं, "हात म्हणजे कुणाचा हात, अब्बा?" तर माझ्याकडे वेड्यासारखं बघून म्हणाले, "माझा. आणि कुणाचा असणार गो?" आणि एक गोष्ट त्यांच्याकडे कायम असायची ती म्हणजे ओळंबा. पितळेचा, पेरूएवढा, हातात धरून धरून गुळगुळीत झालेला. दोरीला बांधून सोडला की तो जिकडे जाईल ते खाली, त्याच्या उलट ते वर. त्यावर वाद नाही. डोलकाठी, वांकाच्या फासळ्या, पुढची उंच नाळ, सगळं ओळंब्याला विचारून. एखादा माणूसही त्यांना आवडला की म्हणायचे, "ओळंब्यात आहे तो."

अशा घरात माझ्या भावानं, रफीकभाईनं, मस्कतहून कॉम्प्युटर पाठवला. मी क्लासला जात होते म्हणून. अम्मानं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, वर प्लॅस्टिक घातलं, खारी हवा लागू नये म्हणून. अब्बांनी त्याच्यासाठी फणसाच्या लाकडाचं टेबल केलं, इतकं भक्कम की वर होडी ठेवली तरी पाय हलला नसता. आणि मला वेड लागलं ते चित्रांचं. नुसती रंगवायची चित्रं नव्हेत. आकड्यांनी वस्तू सांगायची, दिवा कुठे आहे ते सांगायचं, बघणारा कुठे उभा आहे ते सांगायचं, आणि मग यंत्रानं त्याचा फोटो काढल्यासारखं चित्र करून द्यायचं. रेंडरिंग म्हणतात त्याला. त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम म्हणजे इंजिनं. एसटी स्टँडजवळच्या पेपरवाल्याकडे कॉम्प्युटरचं एक मासिक यायचं, त्याच्यासोबत सीडी मिळायची, आणि त्या सीडीवर अशी फुकटची इंजिनं असायची. मी पाच-सहा गोळा केली आणि एक वही केली. एकच देखावा सगळ्यांना द्यायचा: चौकड्यांची फरशी, तिच्यावर एक काचेचा गोळा. कुणी किती वेळ घेतला, काचेत फरशी उलटी दिसली की नाही, सावली मऊ आली की कापल्यासारखी, सगळं टिपून ठेवायचं. रत्नागिरीत हे असलं करणारी मी एकटीच असणार अशी माझी खात्री होती, आणि त्याचा मला फार माज होता.

अब्बा संध्याकाळी हातपाय धुऊन मागे येऊन उभे राहायचे. "रोज तोच गोळा काय करतंस गो? दुसरं काय येत नाय काय तुला?" मग मी समजावायची. शेवटी स्पर्धेत दोनच इंजिनं उरली. एक झटपट चित्र द्यायचं, पण लबाड होतं. सावली खरी काढायचं नाही, वरून चिकटवायचं. पाण्यात प्रतिबिंब म्हणून ठरलेलं काहीतरी रंगवून द्यायचं. दुसरं प्रत्येक ठिपक्यासाठी नजर सोडायचं, ती कशावर आदळते बघायचं, तिथून दिव्यापर्यंत वाट मोकळी आहे का विचारायचं, पाणी लागलं तर पाण्यात शिरून पुन्हा विचारायचं. एका ओळीला तास लागला तरी त्याला घाई नाही. अब्बांनी पहिल्याचं नाव ठेवलं घाईवाला आणि दुसऱ्याचं कासव. कासवाचा अजून एक गुण होता. मध्येच वीज गेली तर ते झालेल्या ओळी विसरायचं नाही, वीज आल्यावर तिथूनच पुढे सुरू. घाईवाला मात्र सगळं पुसून कोरा. आमच्याकडे वीज दिवसातून दोनदा जायची. अब्बा हसायचे, "पोफळीला कोयनेच्या पाण्यावर एवढी वीज बनते म्हणतात, आपल्याकडे यायला चालत निघते वाटतं."

त्याच वर्षात अब्बांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही, जे आहे ते किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. अब्बांना कडेचं दिसत नव्हतं आणि त्यांनी ते आम्हाला सांगितलं नव्हतं. तासणी दोनदा बोटावर बसली तेव्हा कळलं. तोवर फायबरच्या होड्या आल्या होत्या, लाकडी होडी बांधून घ्यायला कुणी येत नव्हतं. ठक ठक थांबली. घरात ते जे कसंनुसं व्हायचं ते आता दिवसभर होऊ लागलं.

एक दिवस जेवताना ते म्हणाले, "एक होडी राहिली बांधायची." कसली म्हटलं, तर हातानं दाखवायला लागले. हर्ण्याला तरुणपणी त्यांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रीची होडी बघितली होती, तशी, पण नाळ तिच्याहून उंच आणि पोट जरा भरलेलं. तीस वर्षं डोक्यात बांधून ठेवलेली. "ती एकदा पाण्यावर बघितली, की मग डोळे गेले तर जाऊ देत." ते अगदी सहज म्हणाले, भात कालवता कालवता. अम्मा उठून आत गेली. मी म्हटलं, "मी दाखवते तुम्हाला. पाण्यावर." आणि त्या क्षणापासून मला दुसरं काही सुचेना.

मग आम्ही दोघांनी ती होडी बांधली. मी पहिल्यांदा टेपनं अब्बांचा हात मोजला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मग वीत, मग बोट. तेच आमचं प्रमाण. ते डोळे मिटून सांगायचे, "इथे अडीच हात, इथे दोन हात एक वीत," आणि मी आकडे भरायची. महिनाभर. इतके आम्ही आधी कधी बोललो नव्हतो आणि नंतरही नाही. वस्तू घडवायचा प्रोग्रॅम वेगळा होता, तिथून ती इंजिनाकडे पाठवायची तर एका मधल्या फाइलमधून. सगळ्या प्रोग्रॅमवाल्यांचा दावा, आम्ही ही प्रमाण फाइल मानतो. कसली मानतात! प्रत्येकजण आपल्या सोयीनं मानायचा. एकाला मीटर तर दुसऱ्याला इंच. आणि सगळ्यात मोठा घोळ वरचा. जागा सांगायला तीन आकडे लागतात. आमच्या घडवायच्या प्रोग्रॅममध्ये तिसरा आकडा म्हणजे उंची. कासवाच्या लेखी दुसरा आकडा म्हणजे उंची, आणि तिसरा म्हणजे आपल्यापासून लांब. म्हणून फाइल काढताना दर वेळी पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि विचारायची, वर कुठली बाजू? तिथल्या चौकोनात खूण केली तर सगळं सरळ. नाही केली तर उभी वस्तू आडवी.

हे अब्बांना सांगितलं तेव्हा ते किती तरी वेळ हसत होते. "वर कुठे ते ठरवावं लागतं? अरे, ओळंबा सोडा की!" आणि खरंच उठून ओळंबा घेऊन आले. कॉम्प्युटरच्या वरच्या वाशाला खिळा ठोकला आणि तो पडद्यासमोर लटकता सोडला. घाईवाल्यानं काढलेल्या पहिल्या चित्रात त्यांनी नाक काचेला लावून, एक डोळा मिटून, काठी दोरीशी जुळवून बघितली. "आहे. ओळंब्यात आहे." कासवावर छोटं, तिकिटाएवढं चित्र करून बघितलं, तेही सरळ आलं. आता मोठं करायचं. हिशोब केला तर नऊ दिवस लागणार होते.

आणि नेमके तेव्हा अब्बा म्हणाले, "नाळ चार बोटं अजून वर घे. नाय तर लाटेत नाक घालील." मी वैतागले. सगळी फाइल पुन्हा काढायची! पण चार बोटं म्हणजे चार बोटं. बदल केला, फाइल काढायला बसले, तेवढ्यात वीज गेली आणि कॉम्प्युटरखालची बॅटरी टी टी टी करून कोकलायला लागली. तिचा जीव दहा मिनिटांचा. पडवीतून अम्मा ओरडली, "नसीम, ते कोकलणं बंद कर गो, डोस्कं उठलं." खिडकी उघडली, त्यात काहीतरी लिहिलं होतं, आणि मी ठीक म्हणून बटण दाबलं. छोटं चित्र पुन्हा करून बघितलं नाही. नाळच तर उचलली होती. वीज आली, कासव सुरू झालं, आणि मी अम्माकडे जाऊन म्हटलं, "काय सारखी मुशी करतेस गं तू? पंधरा दिवस झाले, बांगडा नाही, पेडवे नाहीत, एक मुशी नाहीतर कोळंबी, नाहीतर या तिसऱ्या." ती तिसऱ्या धूत राहिली.

कासव वरून खाली ओळी काढतं. म्हणजे आधी नुसतं आभाळ. अब्बा खुर्ची घेऊन पडद्यासमोर बसले, नमाजाला उठायचे, जेवायला उठायचे, परत येऊन बसायचे. दोन दिवस आभाळ. मी त्यांना दर वेळी सांगायची, आता इतकं झालं, बुधवारी दुपारी काठीचं टोक दिसेल, शुक्रवारी होडी लागेल, मग खाली चार दिवस पाणी. "आभाळ झकास आलंय हां," ते म्हणायचे. "खाली जरा पांढुरकं, बघ." होतंच तसं. आभाळ खाली पांढुरकं असतं हे समुद्रावरच्या माणसाला कुणी सांगायला नको, हे मला तेव्हा सुचलं नाही.

बुधवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले. ओळी बऱ्याच खाली आल्या होत्या. काठीचं टोक यायला हवं होतं, ते नव्हतं. मला वाटलं माझाच अंदाज चुकला. मी काही बोलणार तेवढ्यात अब्बा म्हणाले, "आली गो काठी. बघ कशी ताठ."

पडद्यावर नुसतं आभाळ होतं.

मला वाटलं, त्यांना ओळंब्याची दोरी दिसतेय. ती पडद्यासमोर लटकत होती ना, तीच काठी वाटली असेल. मनाला हे पटवलं मी. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो, त्याला इंजिन लागत नाही. मी म्हटलं, "हो, आली," आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे भांडी उगाच या फळीवरून त्या फळीवर ठेवली.

शुक्रवारी होडी लागली. पहिल्यांदा एक तपकिरी रेघ, मग ती रुंद होत गेली. मी उभीच होते. दुपारपर्यंत शंकाच उरली नाही. होडी कुशीवर पडली होती. तळ आमच्याकडे, पठाण, होडीचा कणा, समोर उघडा, काठी पलीकडे कुठे तरी पाण्यात आडवी, दिसतही नव्हती. उलटलेली होडी कशी दिसते ते आमच्या वाडीत पोराबाळांना माहीत असतं. तो चौकोन, ती न केलेली खूण, ते सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं. वाटलं, आता अब्बा किंचाळतील. निदान म्हणतील, हे काय करून ठेवलंस गो?

अब्बा हसत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान थोडी वर. "बघ," म्हणाले, "सांगत होतो ना तुला? चार बोटं उचलल्यावर नाळ कशी दिसते बघ. आता कुठल्या लाटेला भीत नाय ती."

तेव्हा मला मुशी कळली. मुशीला काटे नसतात. कोळंबीला काटे नसतात. अम्मा पंधरा दिवस त्यांना काटा नसलेलं खायला घालत होती, आणि मी पोटाच्या मागे लागले होते. ताटाची कड ते बोटानं चाचपायचे ते दिसलं होतं मला. पडवीत कुणी आलं की खाकरायचे आणि समोरच्यानं आधी बोलायची वाट बघायचे तेही दिसलं होतं. वहीत काचेतली उलटी फरशी टिपणारी मी, मला माझा बाप दिसला नाही. आणि हा माणूस आभाळ बघतोय म्हणून सहा दिवस खुर्चीवर बसून होता, का तर पोरीनं दाखवते म्हटलं होतं.

सांगायला हवं होतं. आजही वाटतं, तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की अब्बा, आडवी आलीय, आणि तुम्हाला दिसत नाही हे मला कळलंय. पण कुठल्या तोंडानं? ते माझ्यासाठी नाटक करत होते, ते मी मोडायचं? अम्मा दारात येऊन उभी होती. तिनं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, नको म्हणून.

"ओळंब्यात आहे ना गो सगळं?" अब्बांनी विचारलं.

ओळंब्याची दोरी त्या पडलेल्या होडीच्या बरोबर मधून खाली आली होती. मी ती दोरी वरपासून खालपर्यंत बघत राहिले. जरा वेळानं म्हटलं, "आहे अब्बा. अगदी ओळंब्यात."

"झालं मग," ते म्हणाले. उठले, भिंतीला हात लावत पडवीत गेले, आणि पुन्हा त्या खुर्चीवर बसायला आले नाहीत.

ते बाहेर गेल्यावर मी कासव थांबवलं. खिडकी उघडली, प्रश्न शब्द न् शब्द वाचला, चौकोनात खूण केली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. का केलं, मला सांगता येणार नाही. कुणासाठी करत होते? होडी बघणाऱ्याचे डोळे संपले होते. परवा माझ्या भाचीनं फोनवर बोट फिरवून अख्खं गलबत उन्हात गरगर फिरवून दाखवलं, सावली खरी, पाणी खरं, आणि म्हणाली, "आत्या, बघ ना, एका सेकंदात." मी म्हटलं, छान आहे. तिला काय सांगणार, की सेकंदाचं मला काही नाही, मी पंधरा दिवस उशिरा पोचले.

ते नऊ दिवस घरात मशीनच्या पंख्याची घरघर चालू होती. अब्बा पडवीत बसून जुन्या वल्ह्याला काचपेपर मारायचे, बोटानं चाचपून. त्यांच्याशी बोलताना मी मुद्दाम मोठ्यानं, आनंदी बोलायची. अम्मा म्हणायची, एवढी कशाला ओरडतेस, कान शाबूत आहेत त्यांचे. सोमवार आला तेव्हा काठीचं टोक आलं, ताठ, दोरीला चिकटून. होडी आली. पाणी आलं, त्यात होडीची सावली, प्रतिबिंबात नाळ थोडी मोडलेली, लाटेनं मोडते तशी. रविवारी सकाळी शेवटची ओळ पडली. पोट भरलेलं, नाळ चार बोटं वर. माझ्या उभ्या जन्मात मी इतकं नेटकं काही केलं नाही. आणि मला हाकसुद्धा मारता येईना. काय म्हणून मारू? त्यांची तर बघून झाली होती.

मी मशीन बंद केली. घरघर थांबली आणि घरात एकदम तेच जुनं कसंनुसं झालं. पडवीतला काचपेपरही थांबला.

"नसीम."

"काय अब्बा?"

"पाण्याला चार दिवस लागतील म्हणाली होतीस. नऊ झाले."

मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांचं तोंड खाडीकडे होतं. वल्हं मांडीवर.

"त्या दिवशी हो म्हणायला तू लय वेळ घेतलास," ते म्हणाले. "आडवी आली होती काय?"

मी खाली बसले. नाही म्हणावं असं मनात आलं होतं, पण तोंडातून निघालं, "हो."

"आणि आता?"

"आता सरळ आलीय अब्बा."

त्यांनी वल्हं बाजूला ठेवलं, हात चाचपत पुढे केला, माझं डोकं सापडेपर्यंत. राळेचा वास अजून होता त्या हाताला.

"मग सांग गो," ते म्हणाले. "नाळेपासून सांग. घाई नाय."